जुन्या आरमारी बायबलवरच्या नावाचा माग कसा काढावा

मुंबईच्या चोर बाजारात, रद्दीत आलेल्या इंग्रजी पुस्तकांच्या गठ्ठ्यात किंवा जुन्या घरातील ट्रंकेत कधीकधी काळ्या चामडी बांधणीचे, खिशात मावेल एवढे इंग्रजी बायबल निघते आणि पुठ्ठ्याच्या आतल्या पानावर एखाद्या ब्रिटिश युद्धनौकेचे नाव, एक तारीख आणि अर्धवट पुसलेली सही दिसते. ही मुख्यतः ब्रिटिश आरमारातील माणसांची पुस्तके आहेत. ती हजारोंच्या संख्येने वाटली गेली, म्हणून बाजारात त्यांना फारशी किंमत नसते. परंतु ज्याने ते जवळ बाळगले त्या एका माणसाचा शोध मात्र बहुतेक वेळा लागू शकतो, कारण आपल्या खलाशांच्या नोंदी ब्रिटिश आरमाराइतक्या काटेकोरपणे ठेवणाऱ्या संस्था जगात थोड्या आहेत. हे काम घरबसल्या बरेच पुढे नेता येते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. शोध घेणारा नवखा माणूस आधी नावामागे लागतो आणि तिथेच फसतो. नाव हा सर्वांत कच्चा दुवा आहे, कारण एकाच नावाचे दहा-वीस खलाशी एकाच वेळी नोकरीत असत. जहाज, तारीख, हुद्दा आणि सेवा क्रमांक यांपैकी दोन गोष्टी हाती लागल्या, तर नाव त्यांच्या आधाराने पक्के होते. म्हणून पुढचा सगळा क्रम नावाला शेवटी ठेवून मांडला आहे.

मजकूर पूर्ण वाचून घेणे

पुस्तक पूर्ण उघडून सपाट दाबू नये. दोन्ही पुठ्ठ्यांखाली घड्या घातलेले टॉवेल ठेवून ते नव्वद अंशांच्या आसपासच उघडावे, म्हणजे कण्यावर ताण येत नाही. मग प्रत्येक कोरे पान, शीर्षकपृष्ठ, जुना करार संपून नवा करार सुरू होतो तिथली पाने, शेवटची पाने आणि पुठ्ठ्याला चिकटवलेली लेबले यांची छायाचित्रे घ्यावीत. दोन करारांच्या मधली पाने अनेकजण पाहायला विसरतात, पण घरातील जन्म, लग्ने आणि मृत्यू यांच्या नोंदी लिहिण्याची जागा तीच असते. पानांत ठेवलेली तिकिटे, वाळलेली पाने, कात्रणे काढून टाकू नयेत. ती कोणत्या पानावर होती ते लिहून ठेवावे.

पुसट अक्षरांसाठी खोडरबर, पाणी किंवा कोणतेही रसायन वापरू नये. पेन्सिलीने लिहिलेले नाव खोडलेले असेल, तर खोलीत अंधार करून विजेरी पानाच्या कडेला जवळजवळ आडवी धरावी. पेन्सिलीच्या दाबाने कागदावर पडलेल्या खाचा सावलीमुळे दिसू लागतात. एकोणिसाव्या शतकातील शाई बहुधा मायफळ आणि लोहक्षार यांपासून केलेली असे. ती कालांतराने तपकिरी होऊन विटते, परंतु अतिनील प्रकाश शोषून घेते, त्यामुळे ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली विटलेली अक्षरे काळसर होऊन उठून दिसतात. दिवा थोडाच वेळ लावावा आणि डोळ्यांना अतिनील किरण अडवणारा चष्मा असावा. अवरक्त कॅमेऱ्यात याच्या नेमके उलटे घडते: ही शाई जवळजवळ नाहीशी होते आणि पेन्सिल मात्र राहते. म्हणून शाईने गिरवलेल्या नावाखाली आधीचे पेन्सिलीतले नाव असल्याची शंका आली, तर तो कॅमेरा उपयोगी पडतो.

वाचताना काही सवयी माहीत असाव्या लागतात. हस्तलिखितात दोन 'एस' जोडून आले की त्यांतला पहिला लांब काढण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातही बराच काळ होती, त्यामुळे 'रॉस' हे आडनाव 'रॉफ्स' असे वाचले जाते. विल्यमसाठी 'डब्ल्यू' आणि वर लहान 'एम', टॉमससाठी 'टी-एच-ओ-एस', जॉनसाठी 'जे-एन-ओ' असे संक्षेप लिहीत; यांतला शेवटचा संक्षेप जोनाथनचा समजून अनेकांचे शोध भलत्या दिशेला गेले आहेत. महिन्यांच्या बाबतीत त्याहून अधिक सावध राहावे. आकडा ७ आणि त्यापुढे 'बर' असे असेल, तर तो जुलै नसून सप्टेंबर असतो, आणि त्याच हिशेबाने ८ म्हणजे ऑक्टोबर व ९ म्हणजे नोव्हेंबर. जे अक्षर लागत नाही ते अंदाजाने भरू नये. तिथे चौकोनी कंस ठेवून शक्य असलेली दोन-तीन अक्षरे लिहावीत.

पुस्तकाचे वय

मजकुरात तारीख असो वा नसो, पुस्तक केव्हा छापले गेले हे स्वतंत्रपणे ठरवावे. शीर्षकपृष्ठावर साल असले तर प्रश्नच नाही, पण स्वस्त आवृत्त्यांत ते पुष्कळदा नसते. अशा वेळी मुद्रकाचे वर्णन पाहावे. इंग्लंडमध्ये अधिकृत बायबल छापण्याचा हक्क ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि राजमुद्रक यांच्याकडेच होता. 'राणीचे मुद्रक' असे छापलेले असेल, तर पुस्तक व्हिक्टोरियाच्या १८३७ ते १९०१ या कारकिर्दीतले किंवा दुसऱ्या एलिझाबेथच्या १९५२ ते २०२२ या कारकिर्दीतले असते, आणि 'राजाचे मुद्रक' असेल, तर त्या दोहोंच्या बाहेरचे. ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने १८२६ पासून अपॉक्रिफा (प्रोटेस्टंट प्रमाण न मानणारी जादा पुस्तके) हा भाग आपल्या प्रतींतून वगळला, हीदेखील एक खूण आहे. सुधारित भाषांतरातला ('रिव्हाइज्ड व्हर्जन') नवा करार १८८१ मध्ये आणि जुना करार १८८५ मध्ये आला, तेव्हा ते भाषांतर असेल तर पुस्तक त्याआधीचे असूच शकत नाही.

आरमारी प्रतींवरचा संस्थेचा छाप अधिक बोलका असतो. खलाशी आणि सैनिकांना बायबल पुरवण्यासाठी लंडनमध्ये १७७९ मध्ये एक संस्था निघाली. तिची पुस्तके मिळालेल्या पहिल्या जहाजांत 'रॉयल जॉर्ज' होते आणि ते २९ ऑगस्ट १७८२ रोजी स्पिटहेड येथे नांगरावर असतानाच बुडाले. १८०४ मध्ये ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी स्थापन झाल्यावर नावांचा गोंधळ टाळण्यासाठी जुन्या संस्थेने 'नेव्हल अँड मिलिटरी' ही उपाधी घेतली, म्हणून ती उपाधी छापलेले लेबल १८०४ च्या आधीचे नसते. पहिल्या महायुद्धातील खिशातल्या नव्या करारांत फील्ड मार्शल रॉबर्ट्स यांचा २५ ऑगस्ट १९१४ चा संदेश, तर दुसऱ्या महायुद्धातील प्रतींत सहाव्या जॉर्जचा १५ सप्टेंबर १९३९ चा संदेश छापलेला आढळतो. या तारखा संदेशांच्या आहेत, पुस्तक हाती पडल्याच्या नव्हेत, एवढे ध्यानात ठेवावे.

वयाचा हा पडताळा का महत्त्वाचा, तर कौटुंबिक पानावर १८४० चा जन्म लिहिलेला असेल आणि पुस्तक १८८० नंतरचे ठरले, तर ती नोंद कुणीतरी दुसरीकडून उतरवून घेतलेली आहे. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या, तरीही हेच समजावे. अशा नोंदी खोट्या नसतात, पण त्यांतल्या तारखा दप्तरात ताडून पाहिल्याशिवाय धरू नयेत.

कोणी, कोणाला, कुठे

पानावरचे अक्षर मालकाचेच असेल असे गृहीत धरणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. अर्पणलेख देणाऱ्याच्या हातचा असतो: आई, रविवारच्या शाळेची शिक्षिका, धर्मगुरू किंवा खलाशांसाठी विश्रामगृहे चालवणारी संस्था. अॅग्नेस वेस्टन यांनी १८७६ मध्ये डेव्हनपोर्टला सुरू केलेल्या विश्रामगृहासारख्या ठिकाणाचा उल्लेख असेल, तर तो खलाशाचे बंदर सांगतो, गाव नव्हे. याउलट रविवारच्या शाळेचे बक्षीस म्हणून मिळालेले पुस्तक त्याच्या गावाचे आणि चर्चचे नाव देते, आणि माझ्या अनुभवात जनगणनेपर्यंत पोहोचण्याचा तोच सर्वांत भरवशाचा रस्ता असतो.

पुस्तकात दोन नावे असतील, तर कालानुक्रम लावावा. वडिलांचे आणि मुलाचे नाव एकच असणे अगदी नेहमीचे होते. पुस्तक मेसमधल्या सोबत्याकडे गेलेले असू शकते. नुसता जहाजाचा किंवा संस्थेचा शिक्का असून व्यक्तीचे नाव नसेल, तर पुस्तक बहुधा सामुदायिक होते आणि त्याचा खासगी मालक शोधण्यात अर्थ नाही.

जहाजाचे नाव आणि त्यातले सापळे

ब्रिटिश आरमार तीच नावे पुन्हा पुन्हा वापरते, म्हणून नाव आणि साल एकत्र घेऊनच जहाज ठरवावे. त्याहून मोठा सापळा किनाऱ्यावरच्या तळांचा आहे. 'एच.एम.एस. व्हिक्टरी, १९१५' असे वाचून ट्रफाल्गरच्या लढाईतील सेनापती नेल्सनच्या जहाजावरच्या माणसाचे बायबल सापडले असे समजू नये; त्या काळात पोर्ट्समथच्या बराकीतील माणसांची नावे 'व्हिक्टरी'च्या पटावर असत. तसेच 'पेम्ब्रोक' म्हणजे चॅटम आणि 'व्हिव्हिड' म्हणजे डेव्हनपोर्ट. एखाद्याच्या सेवानोंदीत ही नावे पाच-सहा वेळा येतात, कारण दोन जहाजांच्या मधला काळ तो तिथे असे.

यातले एक नाव मराठी वाचकाला जवळचे आहे. 'एच.एम.एस. गँजेस' हे जहाज मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरीतून १८२१ मध्ये पाण्यात उतरले. १८६५ पासून ते मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरले गेले, आणि पुढे १९०५ मध्ये शॉटली येथे किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या केंद्रालाही तेच नाव चालू राहिले. ते केंद्र १९७६ मध्ये बंद झाले. बायबलवर 'गँजेस' असेल, तर मालक बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा नवा मुलगा होता, म्हणजे त्याचे जन्मसाल तारखेतून लगेच निघते. प्रशिक्षणानंतर तो कोणत्या जहाजावर गेला हे त्या पानावर नसते, पण सेवानोंदीत असते.

नावाजवळची अक्षरेही काळ सांगतात. 'आर.एन.आर.' (रॉयल नेव्हल रिझर्व्ह) हे राखीव दल १८५९ च्या कायद्याने आले, 'आर.एन.व्ही.आर.' हे स्वयंसेवकांचे राखीव दल १९०३ मध्ये. 'एच.सी.एस.' म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज. 'आर.आय.एम.एस.' हे रॉयल इंडियन मरीनचे, १८९२ ते १९३४ या काळातले, 'एच.एम.आय.एस.' रॉयल इंडियन नेव्हीचे, १९३४ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंतचे, आणि त्यानंतर 'आय.एन.एस.'.

क्रमांक सापडला तर

नावाशेजारी आकडे असतील, तर तीच खरी किल्ली आहे. १९०८ पासून खलाशांच्या क्रमांकाआधी शाखेचे अक्षर येऊ लागले: 'जे' म्हणजे डेकवरचे खलाशी आणि संदेशवाहक, 'के' म्हणजे बॉयलर सांभाळणारे स्टोकर, 'एल' म्हणजे अधिकाऱ्यांचे आचारी आणि स्टुअर्ड, 'एम' म्हणजे कारागीर व इतर. 'एस.एस.' हे अल्पमुदतीच्या भरतीचे. १९२५ पासून त्यात 'एक्स' जोडले गेले. क्रमांकाआधी 'पी', 'डी' किंवा 'सी' असेल, तर ते अनुक्रमे पोर्ट्समथ, डेव्हनपोर्ट आणि चॅटम हे मूळ बंदर दाखवते. रॉयल मरीन्सच्या, म्हणजे आरमारातील सैनिकांच्या, क्रमांकाआधीही अशीच बंदराची अक्षरे असतात, मात्र त्यांचे दप्तर वेगळे आहे.

कोणत्या काळासाठी कोणते दप्तर

जवळजवळ सगळे दप्तर लंडनच्या पश्चिमेला क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्याची सूची इंटरनेटवर विनामूल्य शोधता येते. १८५३ च्या आधी खलाशी एका जहाजापुरता भरती होई, म्हणून त्याची एकसंध सेवानोंद नसते. जहाजाचा हजेरीपट शोधावा लागतो. हे पट 'ए.डी.एम. ३६' ते 'ए.डी.एम. ३९' या मालिकांत आहेत ('ए.डी.एम.' म्हणजे अॅडमिरल्टी, आरमाराचे खाते) आणि १७६४ पासून त्यांत वय व जन्मस्थान लिहिलेले असते. जहाजाचे नाव माहीत नसेल, तर या काळातला शोध जवळजवळ थांबतोच. अपवाद १८०५ च्या ट्रफाल्गरचा, कारण त्या लढाईतील १८,००० हून अधिक माणसांची सूची अभिलेखागाराने नावानुसार तयार केलेली आहे.

१८५३ मध्ये सलग नोकरीची पद्धत आली आणि तेव्हापासून १८७२ पर्यंतचे करार 'ए.डी.एम. १३९' मध्ये मिळतात. १८७३ ते १९२३ या काळात भरती झालेल्यांच्या सेवानोंदी 'ए.डी.एम. १८८' मध्ये आहेत, आणि या लेखाचा विषय असलेली बहुतेक बायबले याच काळातील असतात. सूचीत नाव, क्रमांक, जन्मतारीख आणि जन्मस्थान फुकट दिसते. मूळ पानाच्या प्रतीसाठी थोडे शुल्क पडते. त्या पानावर माणूस उभा राहतो: आधीचा धंदा, उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, अंगावरचे गोंदण, एकामागून एक जहाजे आणि त्यांच्या तारखा, वर्तणुकीचा शेरा. शेवटच्या रकान्यात 'डी.डी.' असेल तर तो नोकरीत असताना वारला, 'रन' असेल तर पळून गेला.

अधिकाऱ्यांसाठी 'ए.डी.एम. १९६' आणि १८१४ पासून प्रसिद्ध होणारी अधिकृत 'नेव्ही लिस्ट' पाहावी, मरीन्ससाठी 'ए.डी.एम. १५९'. 'एच.एम.ए.एस.' असे असेल तर माणूस ऑस्ट्रेलियाचा, आणि 'यू.एस.एस.' असेल तर अमेरिकेचा. सेंट लुईस येथील १९७३ च्या आगीत अमेरिकी नोंदी जळाल्या असे ऐकून शोध सोडू नये. त्या आगीत भूदलाच्या आणि हवाई दलाच्या फायली गेल्या, नौदलाच्या नव्हेत.

एक नमुना जवळून

समजा, पानावर शाईत 'टॉमला आईकडून, पोर्ट्समथ, मार्च १९१२' असे आहे. खाली पेन्सिलीत 'स्टोकर', 'के' हे अक्षर आणि पाच आकडी क्रमांक आहे, पण शेवटचा आकडा झिजून गेला आहे. मागच्या पानावर 'एच.एम.एस. हॅम्पशर' एवढेच आहे. आडनाव कुठेच नाही.

इथे शोध नावाने करून उपयोग नाही. शेवटच्या जागी ० पासून ९ पर्यंत सगळे आकडे घालून दहाही क्रमांक सूचीत पाहावेत. दहा माणसांत टॉमस नावाचे एक किंवा दोनच निघतील. त्यांची मूळ पाने मागवून तीन गोष्टी पाहाव्यात: तो मार्च १९१२ च्या आगेमागे भरती झाला का, तेव्हा पोर्ट्समथमध्ये, म्हणजे 'व्हिक्टरी'च्या पटावर होता का, आणि पुढे 'हॅम्पशर'वर गेला का. तिन्ही जुळल्यास आडनाव मिळाले.

परंतु एवढ्यावर थांबू नये. 'हॅम्पशर' हे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांना घेऊन जात असताना ५ जून १९१६ रोजी ऑर्कनीजवळ सुरुंगाने बुडाले आणि केवळ १२ माणसे वाचली. टॉमच्या नोंदीत त्या तारखेला 'डी.डी.' असेल, तर पुस्तक त्याच्यासोबत नव्हते. ते घरी किंवा बराकीतल्या पेटीत राहिले असावे आणि नंतर आईकडे किंवा पत्नीकडे गेले असावे. त्या तारखेआधीच त्याची बदली झालेली असेल, तर पुस्तक त्याच्याबरोबर आणखी कुठेही फिरले असेल. वारस शोधताना या दोन शक्यता पूर्णपणे वेगळ्या वाटांनी नेतात. मृतांच्या बाबतीत राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या सूचीत अनेकदा वय आणि आईवडिलांची नावे दिलेली असतात, आणि आईचे नाव तिथेच कळते.

नामसाधर्म्य निपटणे

एक माणूस जुळला म्हणजे तोच आहे असे नाही. बाकीचे जुळत नाहीत हेही दाखवावे लागते. सूचीतील त्या नावाचे सर्व खलाशी एका तक्त्यात घ्यावेत आणि प्रत्येकाला जहाज, तारीख, हुद्दा व जन्मगाव यांच्या कसोटीवर वगळत जावे. कारण लिहूनच वगळावे, नुसते वाटते म्हणून नव्हे. शेवटी दोघे उरले, तर निष्कर्षात दोघांची नावे लिहावीत. इंग्लंड आणि वेल्सची नागरी जन्मनोंद १ जुलै १८३७ पासून आहे आणि १८४१ पासून दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत १९२१ पर्यंतची घरे पाहता येतात. १९३१ ची जनगणना आगीत नष्ट झाली आणि १९४१ ची झालीच नाही, म्हणून त्या पिढीसाठी १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही वापरतात. लग्नाच्या नोंदीवरची सही बायबलमधील सहीशी ताडून पाहता येते, पण केवळ अक्षराच्या साम्यावर निष्कर्ष बांधू नये. शाळेत सगळे एकच वळण गिरवत असत.

पुस्तक मुंबईत मिळाले असेल तर

आपल्याकडे सापडलेल्या प्रतीसाठी काही वाटा इथूनच निघतात. 'सेलर्स होम'चा शिक्का असेल, तर रिगल सिनेमासमोरची ती इमारत, जिथे आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे, १८७६ मध्ये 'रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम' म्हणून उभी राहिली होती हे आठवावे. असे पुस्तक तिथल्या वापराचे असण्याची शक्यता अधिक. मालक मुंबईत वारला किंवा त्याचे लग्न इथे झाले असे वाटल्यास लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दप्तरात मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदी 'एन/३' या मालिकेत आहेत. कंपनीच्या आणि नंतरच्या सरकारच्या जहाजांचा पत्रव्यवहार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात मरीन खात्याच्या फायलींत पाहावा. कुलाब्याचे अफगाण चर्च, फोर्टमधले सेंट थॉमस कॅथीड्रल आणि शिवडीची दफनभूमी इथले स्मृतिलेखही वाचण्यासारखे आहेत.

वारसांशी संपर्क आणि पुस्तक पाठवणे

वारस सापडले, तरी त्यांचे नाव-पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये. आधी त्या गावच्या चर्चमार्फत किंवा स्थानिक इतिहास मंडळामार्फत एक पत्र पाठवावे. त्यात पुस्तकाची दोन छायाचित्रे, आपला निष्कर्ष आणि त्यामागचे पुरावे असावेत, पण पुस्तक स्वीकारण्याचा आग्रह नसावा. सेवानोंदीत पळून गेल्याचा किंवा शिक्षेचा उल्लेख असेल, तर तो पहिल्या पत्रात लिहू नये. विचारले तर सांगावे.

पाठवण्याआधी भारतातला कायदा पाहणे आवश्यक आहे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि ऐतिहासिक मूल्य असलेली हस्तलिखिते व कागदपत्रे असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुनी, पुरावस्तू ठरू शकतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हस्तलिखित नोंदी असलेले जुने बायबल यात येते की नाही, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी घ्यावे आणि पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यावरच टपालात टाकावे. ते मिळेपर्यंत, किंवा मिळालेच नाही तर कायमचे, सर्व पानांच्या स्पष्ट प्रतिमा वारसांना पाठवता येतात. पुस्तकासोबत आम्लरहित कागदावर पेन्सिलीने लिहिलेली टीप सुटी ठेवावी, चिकटवू नये. तीत काय सिद्ध झाले, काय केवळ संभवते आणि कोणकोणत्या दप्तरांचे क्रमांक पाहिले, हे वेगवेगळे लिहावे, म्हणजे पुढचा शोधक तिथून काम सुरू करू शकेल.